कॅमेरा सप्टेंबरातच सुरू झाला होता

कर्वेनगर, पुणे
१९ नोव्हेंबर २००९

प्रिय स्वराली,

कॅमेरा सुरू झाला का, हे गेल्या तीन महिन्यांत तू मला दर रविवारी विचारत आलीस. उत्तर आता लिहूनच देतो, म्हणजे नंतर मला शब्द फिरवता यायचा नाही. कॅमेरा सुरू आहे. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून सुरू आहे. रंग जरा पिवळट येतात, पण माणूस ओळखू येतो. ड्रायव्हर मिळत नाही, केबल सैल आहे, नवीन व्हर्जन टाकल्यावर पुन्हा बंद पडला, असं जे जे मी तुला सांगितलं ते सप्टेंबरपर्यंत खरं होतं आणि त्यानंतर साफ खोटं होतं. आता तू म्हणशील, एवढं सांगायला बाबांना पाकीट आणि तिकिटं कशाला लागतात, ईमेल आहे, फोन आहे. आहे ना. पण ईमेल तू ऑफिसात दोन मीटिंगांच्या मध्ये वाचतेस, आणि आपला फोन दिवाणखान्यात आहे, तिथे बोललेलं आतल्या खोलीत ऐकू जातं. हे पत्रही मी घरात बसून लिहीत नाहीये. कुठे बसून लिहितोय ते पुढे येईलच. घाई करू नकोस, आणि कृपा करून शेवटचं पान आधी वाचू नकोस. कादंबऱ्यांच्या बाबतीतली तुझी ती खोड मला ठाऊक आहे.

कॅमेरा तुझाच. २००३ साली तुझं लग्न ठरलं, जावईबापू आधीच न्यू जर्सीला जाऊन पोचले होते, आणि तू तपकीर गल्लीतून तो गोल, चिमट्यावर बसणारा कॅमेरा आणलास. डायल-अपवर चित्र चार सेकंदांनी एकदा हलायचं. जावईबापूंचं तोंड उघडं राहिलेलं असायचं आणि शब्द केव्हाच येऊन गेलेले असायचे. मी दारातून म्हणालो होतो, आवाज पोचतोय ना, मग तोंड कशाला बघायला हवं? तू दोन दिवस माझ्याशी धड बोलली नव्हतीस. पण टेलिफोन खात्यात तेहतीस वर्षं काढलेला माणूस दुसरं काय म्हणणार, सांग. एका कनेक्शनसाठी लोकांनी आठ-आठ वर्षं नंबर लावलेले मी पाहिलेत. ज्याच्या घरी फोन लागायचा तो आम्हाला पेढे द्यायचा, आणि आम्ही खांबावरून उतरून, हात पँटला पुसून ते खायचो. मग ब्याण्णव-त्र्याण्णवनंतर गल्लोगल्ली बूथ झाले, पुढे मोबाइल आले आणि पेढे बंद झाले. आवाज पोचला की काम झालं, ही माझी समजूत मात्र तशीच राहिली. ती आपल्या घराला किती महाग पडली तेच सांगायला बसलोय.

तू सांगलीला इंजिनिअरिंगला होतीस तेव्हा रविवारी बूथवरून फोन करायचीस. तुझ्यासमोर मीटर पळत असायचा, म्हणून तू घाईत. इकडे रिसीव्हर माझ्या हातात आणि तुझी आई स्वयंपाकघराच्या दारात पदराला हात पुसत उभी. ती तिथून म्हणणार, विचारा, वेळेवर जेवते ना. मी फोनमध्ये म्हणणार, आई म्हणते वेळेवर जेवतेस ना. तू हो म्हणणार, मी मान वळवून म्हणणार, हो म्हणतेय. घरातही एक्स्चेंजची ड्यूटी. मी रिसीव्हर तिच्यापुढे करायचो नाही असं नाही, पण ती दोन शब्द बोलली की गडबडायची आणि परत द्यायची. अहो तुम्हीच विचारा, म्हणायची, मला त्यात बोलायचं सुचत नाही. तू अमेरिकेला गेलीस तरी पद्धत तीच. बारा वर्षं तुझ्या आईचं सगळं बोलणं तुझ्यापर्यंत माझ्या तोंडून आलंय. त्यात तुला कधी वावगं वाटलं नाही, मलाही नाही. आपल्या ओळखीच्या दहा घरांपैकी सहांत असंच चालतं.

ऑगस्टमध्ये तू म्हणालीस, झालं गेलं सोडून देते, वरद आता नजर लावतो, आवाज दिला की हसतो, आईला दाखवायचाय, तो जुना कॅमेरा काढा. मी म्हणालो, बघतो. खरं सांगायचं तर मला तो चालू व्हायला नकोच होता. आपला कॉम्प्युटर गेल्या वर्षी व्हायरसने झोपला तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या नम्रता मॅडमनी, त्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतात, त्यावर लिनक्स टाकून दिलं. फुकट, कुणाच्या मालकीचं नाही, आणि चोरीची सीडी वापरल्याचं पापही नाही. मी मनात म्हटलं, सुटलो. सहा वर्षांपूर्वीचा कॅमेरा, त्याच्या खोक्यावर लिनक्सचं नावसुद्धा नाही. हा काही चालायचा नाही आणि माझ्यावर बोल यायचा नाही. नम्रता मॅडमना उगाच विचारायचं म्हणून विचारलं, तर त्या म्हणाल्या, चालेल की काका, फक्त थोडा वेळ द्यावा लागेल. फक्त म्हटल्यावर मी काय ते समजलो.

आणि मग माझा स्वभाव आडवा आला. बंद पडलेली लाइन समोर ठेवून मला गप्प बसवत नाही, हे तुझ्या आईला विचार. मॅडमनी एक कमांड शिकवली, ती दिली की मशीनला काय काय जोडलंय त्याची यादी येते. यादीत कॅमेऱ्याचं नाव नव्हतं, नुसते दोन आकडे. ते आकडे इंटरनेटवर टाकले तेव्हा आतली चिप कुठली ते कळलं, आणि त्या चिपचा ड्रायव्हर कुणीतरी फावल्या वेळात लिहून सगळ्यांसाठी ठेवलेला निघाला. जगात अशी माणसं आहेत हे मला सहासष्टाव्या वर्षी कळलं. एका फोरमवर ब्राझीलचा एक गृहस्थ याच कॅमेऱ्याशी दोन वर्षं झगडत होता. त्याची शेवटची नोंद होती, जमलं एकदाचं, सर्वांचे आभार. कसं जमलं ते त्याने लिहिलंच नव्हतं. त्याला मी जे काही ऐकवलं ते इथे लिहीत नाही. मी एक वही केली, खात्यात ठेवायचो तशी, तक्रार, तपासणी, उपाय. कॅमेरा पुढच्या सॉकेटमधून काढून मशीनच्या मागच्या बाजूला लावला तेव्हा त्याचा दिवा लागला. पण चित्र नाही. मग कळलं की मशीनला कॅमेरा दिसतोय, पण माझ्या नावाला तो बघायची परवानगी नाही. व्हिडिओ नावाचा एक गट असतो, त्यात आपलं नाव घालून घ्यावं लागतं. घातलं. आता टेस्टच्या खिडकीत काहीतरी हलायला लागलं, पण फोनच्या प्रोग्रॅममध्ये अंधारच. ड्रायव्हर चित्र देणार एका पद्धतीने आणि प्रोग्रॅमला हवं दुसऱ्या पद्धतीने, म्हणून मध्ये एक दुभाष्या बसवावा लागतो आणि दर वेळी प्रोग्रॅम उघडताना त्याचं नाव आधी घ्यावं लागतं. तोही बसवला. नऊ सप्टेंबरला, बुधवारी सकाळी अकराच्या सुमारास चित्र आलं. आलं ते उलटं.

थोडंथोडकं नाही, पूर्ण उलटं. पंखा खाली, फरशी वर. तुझी आई माझ्या मागे खुर्चीत होती. तिने पाहिलं की आपण दोघं वटवाघळांसारखे छताला लटकतोय, आणि ती हसली. चांगली आवाज काढून हसली. स्वराली, ती मार्चनंतर पहिल्यांदा हसली. मी माझं काम सोडून तिच्याकडे बघत बसलो.

आता मार्चचं सांगतो. आज शनिवार आहे, परवा इथवर लिहून झालं होतं आणि मग मला उठावं लागलं.

नऊ मार्चला सकाळी दूध उतू जात होतं आणि तुझी आई समोर उभी राहून ते बघत होती. गॅस बंद करेना. मी बाहेरून ओरडलो, अगं लक्ष कुठेय. ती वळली तेव्हा तिच्या तोंडाची उजवी बाजू खाली आली होती. मेंदूत गुठळी. अकरा दिवस हॉस्पिटलात होती. उजवा हात गेला, पाय गेला होता तो थोडा परत आलाय. बोलणं गेलं ते गेलंच. तिला समजतं सगळं, ऐकूही सगळं येतं, पण शब्द येत नाहीत. डाव्या हातात पेन दिलं तर नुसत्या रेघा येतात. एकच शब्द शिल्लक राहिलाय, बरं. भूक लागली तरी बरं, पाय दुखला तरी बरं, माझ्यावर चिडली तरी बरं. खरं काय ते तिच्या डाव्या हातावरून आणि डोळ्यांवरून ओळखायचं. मंगळवार, गुरुवार, शनिवार मी तिला रिक्षाने फिजिओथेरपीला आणतो. आत पाऊण तास लागतो, बाहेर नातेवाइकांसाठी बाक आहे, त्यावर बसून मी हे लिहितोय. शेजारी एक गृहस्थ रोज पेपरातलं शब्दकोडं सोडवतात आणि मला आडवे शब्द विचारतात. त्यांना वाटतं मीही काहीतरी तसंच करतोय.

तू तेव्हा पाचव्या महिन्यात होतीस. आधीची दोन गेलेली. तुझ्या डॉक्टरने पडून राहायला सांगितलं होतं. हॉस्पिटलात चौथ्या दिवशी मी तुझ्या आईला विचारलं, स्वरालीला कळवू का? तोंडाने म्हणाली बरं, आणि डावा हात जोरजोरात हलवला, नको. मी थोड्या वेळाने पुन्हा विचारलं, पुन्हा तोच हात. तेव्हा तुझ्यापासून लपवायचं हे आम्हा दोघांचं ठरलं होतं. त्याबद्दल रागवायचं असेल तर अर्धं अर्धं रागव. त्यापुढचं सगळं एकट्या माझं आहे.

लपवणं इतकं सोपं जाईल असं मला वाटलं नव्हतं. मी धरून चाललो होतो की दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या रविवारी तू म्हणशील, आईला द्या जरा. तू म्हणालीस, आई कशी आहे? मी म्हणालो, बरी आहे, म्हणते पाय उशीवर ठेवून झोपत जा. तू म्हणालीस, हो सांगा. संपलं. असे आठ महिने गेले बघ. आळीव कधीपासून घ्यायचे, डिंकाच्या लाडवात काय काय घालायचं, बाळ रात्रभर कुरकुरलं तर काय करायचं, हे तू विचारायचीस आणि मी म्हणायचो, आईला विचारून उद्या सांगतो. दुसऱ्या दिवशी विमलाबाईंना विचारून सांगायचो. विमलाबाई म्हणजे आईसाठी ठेवलेल्या बाई, सकाळी आठला येतात, संध्याकाळी सहाला जातात. मूळच्या वाशीमकडच्या, मुलगा मार्केट यार्डात हमाली करतो म्हणून पुण्यात आलेल्या. स्वतःची पाच बाळंतपणं झालेली बाई. तुझं सगळं बाळंतपण वाशीमच्या पद्धतीने झालंय. एकदा तू म्हणालीस, आई ओव्याची धुरी कधीपासून सांगायला लागली, आपल्याकडे तर शेपा असतात. मी म्हणालो, वय झालं की मतं बदलतात. तू हसलीस आणि विषय सोडून दिलास. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं, कारण तू मला पकडावंस असं आत कुठेतरी वाटत होतं. हा टोमणा समजू नकोस. आईचा आवाज न ऐकता राहायची सवय तुला मीच लावली.

बाळंतपण झालं की सांगू, असं ठरवलं होतं. मग वरदला कावीळ झाली. मग तुझी नोकरी सुरू झाली, मग गणपती आले. खोटं बोलायला कधी मुहूर्त लागला नाही, खरं बोलायला मात्र मी रोज पंचांग बघत होतो.

त्या उलट्या चित्राचं पुढे काय झालं ते सांगतो. ते सुलटं करायला तीन दिवस लागले, एक ओळ चुकीच्या जागी लिहीत होतो. शनिवारी सरळ झालं. मी तिची खुर्ची पुढे सरकवली आणि म्हटलं, बघ आता. मार्चपासून तिने आरसा पाहिला नव्हता. मी काही मुद्दाम लपवला नव्हता, पण बेसिनवरचा आरसा खुर्चीत बसलेल्या माणसाला दिसत नाही आणि तिची वेणीफणी विमलाबाई करतात. उलटं होतं तोवर ती एक गंमत होती. सरळ झाल्यावर तिला तिचा चेहरा दिसला. ओघळलेला गाल, ओठाची खाली आलेली कड, तिथली लाळ. ती बराच वेळ बघत राहिली. मग डाव्या हाताने पदर ओढून उजव्या गालावर घेतला आणि तो तसाच धरून बसली. मी त्या वेळी काय करत होतो माहीत आहे? वहीत टेस्ट ओके लिहीत होतो. मला माझी लाज वाटते. त्या दिवसापासून कॅमेऱ्यावर माझा हातरुमाल टाकलेला होता, आणि तुला मी ड्रायव्हर मिळत नाही म्हणून सांगत होतो.

तू चिडलीस ते साहजिकच होतं. हजार रुपयांत नवा मिळतो बाबा, किती चिक्कूपणा कराल, म्हणालीस. मी म्हणालो, चालण्यासारखी वस्तू टाकून द्यायची आपल्यात पद्धत नाही. तुला ते पटलं, कारण ते मला शोभण्यासारखंच होतं. आता तू तुझ्या ऑफिसातल्या बाईंबरोबर नवा लॅपटॉप पाठवते आहेस आणि त्या वीस डिसेंबरला घरी येणार आहेत. त्या येतील, आईला नमस्कार करायला वाकतील आणि त्यांना सगळं दिसेल. तुला हे परक्या बाईकडून कळावं हे मला नको होतं, ही भीतीही या पत्रामागे आहे. नाही कशाला म्हणू.

आज मंगळवार. पत्र लांबत चाललंय, पण आजच्या पाऊण तासात संपवतो आणि जाताना स्पीड पोस्टाने टाकतो.

दिवाळीत तू वरदचे फोटो पाठवलेस. पणत्यांसमोर बसवलेला, अंगात मोठं होणारं ते झबलं. मी तो पडद्याएवढा मोठा केला. तुझ्या आईने त्याच्या पायावर बोट ठेवलं आणि काढलंच नाही, मी चहा करून आलो तरी तसंच. त्यानंतर रोज सकाळी ती कॉम्प्युटरकडे हात करायची आणि मी फोटो लावायचो. मग या महिन्याच्या नऊ तारखेला मी भाजी आणायला गेलो होतो. परत आलो तर तिने खुर्ची कॉम्प्युटरपुढे नेऊन घेतली होती. अंगावर जांभळी इरकल, कुंकू स्वतः डाव्या हाताने लावलेलं, जरा वर गेलेलं. माझा हातरुमाल घडी करून तिच्या मांडीवर होता. विमलाबाई म्हणाल्या, काकू कव्हाच्या बसून राह्यल्या काका, लावा ना तो पोरीचा फोन. तुमच्याकडे तेव्हा रात्रीचा एक वाजला होता. मी म्हटलं, रविवारी लावू. पंधरा तारखेच्या रविवारी संध्याकाळी ती पुन्हा तशीच नेसून बसली, विमलाबाई तिच्यासाठी मुद्दाम थांबल्या, आणि मी तिला सांगितलं की कॅमेरा बिघडलाय. स्वराली, मी तिच्या तोंडावर सांगितलं. मशीनच्या मागून केबल मीच काढून ठेवली होती. तिची आता तुझ्यापुढे यायची तयारी होती, माझीच नव्हती.

का नव्हती, ते या पत्रात मी सगळ्यात शेवटी ठेवलं, कारण तेच लिहायला हात धजत नव्हता. तुझ्या बाळंतपणाला यायचं आईचं वीस जूनचं तिकीट काढलेलं होतं आणि आईच्या पासपोर्टावर दहा वर्षांचा व्हिसा होता, तेव्हा व्हिसा नाकारला असं म्हणायची सोय नव्हती. मी आजारी आहे म्हटलं असतं तर तू आईला फोनवर मागितलं असतंस. म्हणून एप्रिलमध्ये मी खाली पार्किंगमध्ये जाऊन मोबाइलवरून तुला सांगितलं, आई म्हणते मला येववणार नाही, गुडघे दुखतात, विमानाची भीती वाटते, तू तिकडे बाई ठेव. ते आईचं म्हणणं नव्हतं, ते मी रचलेलं वाक्य होतं. तिची बॅग फेब्रुवारीतच भरून तयार होती. जुन्या मऊ लुगड्यांची बारा दुपटी तिने हाताने शिवली होती, चार टोपडी, बाळगुटीची डबी, वर माझ्यासाठी दोन महिन्यांच्या डब्यांची यादी. वरद झाल्यावर तिसऱ्या दिवशी तुझा फोन आला. त्याचा आवाज तिच्या कानावर पडावा म्हणून मी स्पीकर लावला आणि तिची खुर्ची फोनजवळ आणली. तू आधी त्याचं रडणं ऐकवलंस, आणि मग म्हणालीस, आईला सांगा, मागे तिच्या ऑपरेशनला मी चोवीस तास विमानात बसून आले होते, भीती मलाही वाटते, आता इथे यायची काही गरज नाही म्हणावं. ती ऐकतेय हे तुला ठाऊक नव्हतं. मी बटण शोधेपर्यंत तू बोलून मोकळी झाली होतीस. तिच्या नावावर मी काय सांगून बसलोय हे तिला त्या क्षणी कळलं. माझ्याकडे बघून ती म्हणाली, बरं. त्या संध्याकाळी तिने विमलाबाईंकडून बॅग रिकामी करून घेतली आणि सगळी दुपटी त्यांच्या नातवाला देऊन टाकली. मी अडवलं नाही. पंधरा तारखेलाही तिने ती लोंबणारी केबल पाहिली, मग मी तिच्यापुढे स्टुलावर बसलो आणि माफी मागितली, केबलची आणि एप्रिलचीही. तिने डोळे मिटून घेतले. थोड्या वेळाने उघडले आणि डावा हात टेलिफोनकडे केला. मी आणखी काहीबाही बोलत राहिलो, ती हात खाली घेईना. तिला माझी माफी नको होती. फोन उचलून तुला सांगायची माझी छाती झाली नाही, म्हणून चार दिवसांनी, गुरुवारी हा कागद घेतला. तेरा डिसेंबरला, रविवारी, तुमच्या सकाळी नऊ वाजता मी कॅमेरा लावतोय. तिला बघून तोंड पाडू नकोस, समोरच्याचा चेहरा तिला अजून पक्का कळतो. ती बरं म्हणेल, त्याला होकार समजू नकोस. वरदला जरा उजेडात धर. आणि हे सगळं नंतर. चित्र आल्याबरोबर आधी तिला एवढं सांग की आई, तू येत नाही म्हणाली नव्हतीस, मला कळलंय. जुलैपासून ती तेवढंच ऐकायला थांबली आहे.

तुझाच,
बाबा